भ्रमणध्वनीचा कॅमेरा : वेग आणि मर्यादा



विज्ञानाची साधने खेड्यापाड्यांत पोहोचली म्हणजे त्यांच्या मर्यादांचे ज्ञानही तेथवर गेले पाहिजे. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील गाव. बोंडातील अळीचे छायाचित्र तज्ज्ञाकडे पाठवावयाचे असो, की फवारणी पंपाचे तुषार सारखे पडतात की नाही हे पाहावयाचे असो, शेतकऱ्याच्या हाताशी भ्रमणध्वनीचाच कॅमेरा असतो. तो विकत घेताना मोठ्या आकड्यांकडे पाहून जादा पैसे मोजले जातात. म्हणून कोणता आकडा कोणत्या कामाचा, हे जाणणे अगत्याचे आहे.

चलच्चित्र म्हणजे ओळीने घेतलेली स्थिर चित्रे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी वाटाण्याच्या रोपाची ठरावीक अंतराने चित्रे घेतली आणि अनेक दिवसांची वाढ थोडक्या वेळात पडद्यावर दाखविली. वेगवान क्रियेसाठी याच्या उलट करावे लागते. एका सेकंदात पुष्कळ चित्रे घेऊन ती सावकाश दाखवावी लागतात. अडचण उद्भवते ती येथेच.

‘फोर-के’ प्रकारच्या एका चित्रात ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख चित्रबिंदू असतात. प्रत्येक बिंदूची नोंद १० बिटांत केली, तर सेकंदाला ३० चित्रांसाठी सुमारे २४९ कोटी बिट आणि १२० चित्रांसाठी सुमारे ९९५ कोटी बिट संवेदकाकडून प्रक्रियकाकडे न्यावे लागतात. या वहनासाठी असलेल्या एका मानकानुसार तारांच्या एका जोडीतून सेकंदाला कमाल २५० कोटी बिट जातात. म्हणजे १२० चित्रांना अशा चार जोड्याही काठोकाठ भरतात. जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या गाड्या खोळंबाव्यात, तशीच ही स्थिती होय. आत यंत्र कितीही मोठे असले, तरी फाटकातून जाईल तेवढाच माल आत जातो.

यावर सोपा उपाय म्हणजे ओझे कमी करणे. १,९२० गुणिले १,०८० बिंदूंच्या चित्रात एकचतुर्थांश बिंदू असतात. म्हणून तेवढ्याच वाटेने चौपट चित्रे जातात. २०१७ मध्ये सोनी कंपनीने संवेदकालाच स्मृतीचा थर जोडून सेकंदाला १,००० पर्यंत चित्रे घेण्याची सोय जाहीर केली. परंतु ते कोठार लवकर भरते. त्यामुळे असे चित्रण क्षणभरच चालू शकते.

प्रकाशाचेही बंधन आहे. सेकंदाला १२० चित्रे घेताना एका चित्राच्या वाट्याला फार तर एकशेविसांश सेकंदाचा प्रकाश येतो. सायंकाळी असे चित्रण अंधुक होते, त्याचे हे एक कारण.

तात्पर्य, अळी टिपताना स्थिर हात, पुरेसा उजेड आणि अधिक बिंदू उपयोगी पडतात. तुषार पाहताना बिंदू कमी करून चित्रांची संख्या वाढवावी, आणि तेही भर उन्हात. दोन्ही आकडे ठळक छापलेले असले, तरी ते एकाच वेळी मिळतील काय, हे दुकानातच विचारून घ्यावे. कष्टाचा पैसा खर्च करण्यापूर्वी एवढी चौकशी करणे हा ग्राहकाचा हक्कच आहे.