फुकटचा उत्सव आणि बायकांची जागा

(महिला गटांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेले भाषण)



आजच्या सत्राचा विषय पत्रिकेत 'कला आणि चळवळ' असा छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयाला मला पाऊण तास दिला आहे आणि स्वयंपाकघरातून येणारा वास पाहता तोही पुरा मिळेल असे वाटत नाही. म्हणून मी विषय लहान करून घेते. काल गटचर्चेत तुमच्यातल्या तिघीचौघींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. आपल्या वस्तीत, कुणाकडून तिकीट न घेता, नाच, गाणे, नाटक, चित्रे असा एक उत्सव आपण करावा का? केला तर तो कुणाचा होईल? त्यावरच बोलते.

मुंबईत असा एक महोत्सव चांगला रुळलेला आहे, तो आधी पाहू. फोर्टमधला काळा घोडा. हे नाव पडले सातव्या एडवर्डच्या, म्हणजे तेव्हाच्या युवराजाच्या, अश्वारूढ पुतळ्यावरून. ससून घराण्याने तो शहराला दिला, १८७९ मध्ये तो तिथे बसवला आणि १९६५ मध्ये तिथून हलवला. आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. २०१७ मध्ये काळ्या घोड्याच्या चौकात नवा घोडा आला, पण त्याच्या पाठीवर स्वार नाही. मला हा दुसरा घोडा जास्त आवडतो.

त्या परिसरात १९५२ पासून जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९९६ पासून आधुनिक कलेचे राष्ट्रीय दालन आहे, डेव्हिड ससून ग्रंथालय आहे, मॅक्सम्युलर भवन आहे. जहांगीरच्या बाहेर फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रे मांडतात, ते मला आतल्यापेक्षा कमी महत्त्वाचे वाटत नाहीत. १९९८ मध्ये परिसरातल्या जुन्या इमारती आणि कलासंस्था जपण्यासाठी एक संघटना उभी राहिली आणि १९९९ पासून हा महोत्सव सुरू झाला. साथीचा खंड सोडला तर तो चालत आला आहे. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस. दुभाष मार्गावरची वाहने बंद करतात, रस्त्यावर मोठमोठी मांडणशिल्पे उभी राहतात, शास्त्रीय नृत्य, नाटक, सिनेमा, मुलांच्या कार्यशाळा, जुन्या इमारतींच्या फेऱ्या, सगळे विनामूल्य. सभागृहातल्या कार्यक्रमाला रांग लावायची, जागा असेपर्यंत आत सोडतात.

आपल्याकडे अशा गोष्टींकडे नाक मुरडायची सवय आहे. मोठ्या कंपन्यांचे फलक, इंग्रजी निवेदन, महागड्या हस्तकला, फोटो काढून घेणारी गर्दी. हे सगळे खरे आहे. पण टीका करण्याआधी तिथे बायका काय करतात ते बघा. त्या हिंडतात. नुसत्या हिंडतात. कुणी एकटी, कुणी मैत्रिणीबरोबर, कुणी लोकलने विरारहून आलेली. दुपारी चार वाजता भर रस्त्याच्या मधोमध उभी राहून बाई एखाद्या पत्र्याच्या हत्तीकडे दहा मिनिटे बघत राहते आणि तिला कुणी विचारत नाही, 'इथे काय करतेस?' एरवी आपण रस्त्यावर असतो त्या कामाला चाललेल्या असतो. भाजी, शाळा, रेशन, दवाखाना, ऑफिस. हातात पिशवी हवी, चालीत घाई हवी. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये मुंबईतल्या बायकांवर लिहिलेल्या 'व्हाय लॉइटर' या पुस्तकात हेच मांडले आहे, की बाईला सार्वजनिक जागेत काही कारण नसताना रेंगाळता आले पाहिजे, तो तिचा हक्क आहे. पुरुष पानाच्या टपरीवर रोज सायंकाळी हा हक्क बजावतो, त्यासाठी त्याला महोत्सव लागत नाही. आपल्याला अजून लागतो. तिकीट नसण्याचा मोठा फायदा मला इथे दिसतो. तिकिटासाठी घरात पैसे मागावे लागतात, म्हणजे कारण सांगावे लागते. फुकट असेल तर 'जाता जाता डोकावले' एवढे पुरते.

आता दुसरी बाजू. काळा घोडा हा परिसर आहे, वस्ती नाही. तिथे कचेऱ्या आणि दालने जास्त, राहणारी माणसे कमी. त्यामुळे त्या महोत्सवाला शेजार असा नाही. आपल्या वस्तीत तसे नाही. आपल्या उत्सवात प्रेक्षकांत सासू असेल, दीर असेल, मुलाचे मास्तर असतील, मुलीला बघून गेलेले पाहुणे असतील. परक्या गर्दीत बाईला जे मोकळेपण मिळते ते ओळखीच्या गर्दीत मिळेलच असे नाही. उलट जाच होईल. वस्तीत उत्सव करणे म्हणूनच जास्त अवघड आहे, आणि माझ्या मते जास्त गरजेचेही.

कुणी म्हणेल, वस्तीतल्या बायकांकडे कला कुठली? यावर मला जरा चिडून बोलावेसे वाटते. भोंडला आठवा. पाटावर हत्ती काढायचा, म्हणजे चित्र झाले. त्याच्याभोवती फेर धरायचा, म्हणजे नृत्य झाले. गाण्यांत सासरच्या एकेकाची खोड काढायची, म्हणजे नाटक झाले, आणि ते सासरच्याच अंगणात. शेवटी खिरापत ओळखायची. आज हिच्या दारात, उद्या तिच्या. तिकीट नाही, निमंत्रणपत्रिका नाही, अध्यक्ष नाही, हारतुरे नाहीत. याला विनामूल्य परिसर-महोत्सव नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे? मंगळागौरीतही रात्रभर झिम्मा, फुगड्या, पिंगा चालतो. पण मंगळागौर नव्या सवाष्णीची. विधवेला त्यात जागा नव्हती, टाकलेलीला नव्हती. हे विसरून नुसते 'आपली परंपरा किती छान' असे म्हणणाऱ्यांच्या ओळीत मला बसायचे नाही. आपण फेर धरू तेव्हा त्यात कोण कोण येणार हे आधी ठरवावे लागेल.

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी खेडोपाडी फिरून बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांना श्रोता नव्हता. पहाटे दोन बायका समोरासमोर बसत आणि गाऊन दळत. पिठाची गिरणी आली, मनगट सुटले, त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण गाण्याची वेळही गेली आणि तिच्या जागी दुसरी वेळ कुणी दिली नाही.

बाईची कला बाहेर आली की तिचे काय होते, याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण वारली चित्रांचे आहे. लग्नात भिंतीवर चौक लिहायचा तो सवाष्णींनी, विधीची गाणी म्हणायची ती धवलेरीने. ती बाईच असते. लग्न लावणारी बाई. मग १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारखी माणसे डहाणूकडे गेली, भिंतीवरची चित्रे कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. ते फार मोठे चित्रकार होते, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण जी गोष्ट शेकडो वर्षे बायका करत होत्या तिला किंमत आली तेव्हा कुंचला प्रामुख्याने पुरुषांच्या हाती दिसू लागला, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चौक लिहिणाऱ्या त्या बायकांची नावे कुणी लिहून ठेवली? आपल्या उत्सवात रांगोळी असेल, गोधडी असेल, तर खाली करणारीचे पूर्ण नाव लिहा. 'महिला मंडळातर्फे' असे लिहू नका.

आणि मग पैशाचा प्रश्न. फुकट म्हणजे पाहणाऱ्याला फुकट. कुणीतरी ते भरतेच. वस्तीतल्या उत्सवात ते बहुतेक बायका भरतात. पोहे कोण करणार, सतरंज्या कोण घालणार, रात्री अकरा वाजता मैदान कोण झाडणार? गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावतीवर सहीला पुरुष आणि प्रसादाच्या पातेल्याशी बाई, ही वाटणी आपल्या उत्सवात चालणार नाही. शिवाय गाणारीलाही आपण सहज म्हणतो, 'तुझी तर हौसच आहे, म्हण ना दोन गाणी.' ढोलकीवाल्याला मात्र बिदागी देतो, कारण तो त्याचा धंदा. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा औषधपाण्याच्या पैशांची ओढाताण होती. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. बिदागी वेळेवर आणि हातात द्यावी, कमी असली तरी चालेल. सगळ्यांना सारखी.

लावणी ठेवायची का, यावर काल बराच वाद झाला. माझे मत स्पष्ट आहे, ठेवायची. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्सबारमधल्या नाचावर बंदी घातली तेव्हा तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली होती. तोच नाच श्रीमंतांसमोर चालणार आणि गरीब गिऱ्हाइकासमोर नाही. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला, मध्ये आठ वर्षे गेली आणि हजारो बायकांचे पोट गेले. तेव्हा स्त्री-संघटनांतही दोन मते होती, हे तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. मी बंदीच्या विरुद्ध होते आणि आजही आहे. लावणीच्या बाईला आपल्या मंचावर बोलवायचे आणि मग तिला सोज्वळ गाणी म्हणायला सांगायचे, यापेक्षा न बोलावलेले बरे. तिची गाणी ती निवडेल. पहिल्या चार रांगा बायकांच्या ठेवा, म्हणजे शिट्ट्यांचा प्रश्न बराचसा सुटतो. शिट्ट्या बायकाही मारतील, मारू देत.

आपल्या चळवळीलाही हे नवे नाही. स्त्रीमुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये उभे केले तेव्हा ते नाट्यगृहापुरते ठेवले नाही, चाळीत, गावात, मिळेल तिथे केले. त्या नाटकाने जे सांगितले ते आपल्या पत्रकांनी तोवर कितीदा तरी सांगितले होते. फरक एवढाच, की पत्रक बाई घरी नेऊन डब्याखाली घालते आणि नाटकातले गाणे धुणे धुताना म्हणते.

उरलेल्या गोष्टी व्यवहाराच्या आहेत. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा कार्यक्रम साडेआठला सुरू करून चालणार नाही. पण सातला बायकांचा स्वयंपाक असतो. म्हणून मी म्हणेन, दुपारी तीन ते सहा. नळाला पाणी किती वाजता येते ते आधी विचारा, त्या वेळेत काहीही ठेवू नका. लहान मुलांसाठी एक खोली आणि तिथे सांभाळायला पुरुष कार्यकर्ते. हसू नका, गंभीरपणे सांगते आहे. नगरसेवकाची वर्गणी घ्यायची की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा, पण घेतली तर फलकावर त्याचा फोटो किती मोठा असेल ते लेखी घ्या.

आणि मुतारी. २०११ पासून मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम चालली, ती या साध्या गोष्टीवर की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे घेतले जात, तेही असली तर. आपण उत्सव विनामूल्य म्हणून जाहीर करणार आणि तीन तास बसलेल्या बाईला कोपऱ्यावरच्या शौचालयात पैसे मोजावे लागणार. त्या शौचालयाच्या ठेकेदाराशी कोण बोलणार, हे आज जेवणाआधी ठरवू या. मंचाची पार्श्वभूमी निळी की लाल, ते नंतर बघता येईल.