यंदा किती सेकंद?

नव्या हंगामाचं ध्येय ठरवताना खेळाडूने किती मागावं, यावर आज थोडं बोलतो.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने २०१८ साली ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ दिली आणि १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८ मिनिटे ९.९१ सेकंदांवर आला. सहा वर्षांत जवळजवळ वीस सेकंद! पण ही कमाई सारख्या हप्त्यांनी झाली नाही. २०१९ मध्ये आठ सेकंदांहून अधिक, २०२१ पर्यंत आणखी तीन, २०२२ मध्ये जवळपास सात. २०२३ मध्ये मात्र वेळ सुधारलीच नाही; तरी त्याच वर्षी त्याने आशियाई सुवर्णपदक मिळवलं. पुढच्या वर्षी सुधारणा झाली ती सव्वा सेकंदाची. खेळाडू जितका वर चढतो, तितका एकेक सेकंद महाग होत जातो.

आमच्या कळंबोलीत लोखंड बाजारातले ट्रक हलायच्या आत काही मुलं रस्त्याच्या कडेने धावतात. त्यांतली एक मुलगी आठशे मीटर २ मिनिटे ४० सेकंदांत धावते. "चाचा, यंदा २ मिनिटे २० सेकंद. नाही जमलं तर धावणं सोडणार," म्हणाली. मी पडलो कवी, मात्रा मोजणारा. म्हटलं, "बेटा, वीस सेकंद म्हणजे दर शंभर मीटरला अडीच सेकंद. चार सेकंद माग. मग शंभर मीटरला अर्धाच सेकंद लागतो."

तिच्या वहीत आता तीन आकडे आहेत : नक्की जमेल असा, मेहनतीने जमेल असा आणि सगळं जुळून आलं तर जमेल असा. खाली आपल्या हातातल्या गोष्टी : आठवड्यातले सरावाचे दिवस, झोप, पहिली फेरी किती सेकंदांत धावायची. दुखापत झाली किंवा परीक्षा आली, तर आकडा बदलायचा. धावणं सोडायचं नाही.

पालकहो, शर्यतीहून परतलेल्या लेकराला "कितवा नंबर?" एवढंच विचारू नका. मागच्या वेळेपेक्षा किती सुधारलं, हेही विचारा. नंबर दुसऱ्यांच्या पायांवरही अवलंबून असतो. आपली वेळ मात्र आपली असते.