द्विध्रुवी मनोविकार आणि श्रावकाचे ताट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



आहारशुद्धी हा जैन समाजाच्या अभिमानाचा विषय आहे. पाणी गाळून प्यावे, सूर्यास्तापूर्वी जेवावे, कंदमूळ वर्ज्य करावे, हे संस्कार घरातील लहान मुलांनाही ठाऊक असतात. परंतु त्याच घरातील एखादी व्यक्ती द्विध्रुवी मनोविकाराने, म्हणजे डॉक्टर ज्याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात त्या आजाराने, ग्रस्त असेल तर तिने काय खावे आणि कोणते तप करावे, याविषयी सहसा कोणी बोलत नाही. मधुमेही माणसाला वडीलधारी मंडळी आपण होऊन सांगतात, "बाबा, तू उपवास धरू नकोस." मनाच्या रुग्णाला तसे सांगायचे तर आधी आजार उघड करावा लागतो, आणि तो उघड झाला की घरातील मुलांच्या सोयरिकी मोडतील, या धास्तीने सारे कुटुंब मौन धरते. या मौनाची किंमत प्रसंगी प्राणांनी मोजावी लागते.

या आजारात मन दोन टोकांना जाते. एका टोकाला उन्माद. दोन-तीन तासांच्या झोपेवर माणूस ताजातवाना दिसतो, अखंड बोलतो, व्यापारी असेल तर उधारीवर दुप्पट माल भरून बसतो, आणि धार्मिक वृत्तीचा असेल तर एकाएकी मासखमणाचा संकल्प जाहीर करतो. दुसऱ्या टोकाला विषाद. अन्नावरची वासना उडते, अंथरूण सुटत नाही, जगणे नकोसे होते. मधला काळ अगदी सामान्य माणसासारखा जातो, त्यामुळे घरच्यांना वाटते, आजार गेला. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आयुष्यात केव्हातरी हा आजार जडलेल्या प्रौढांचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आहे. म्हणजे दोनशे माणसांत एक. पर्युषणात व्याख्यानाला भरणाऱ्या कोणत्याही मोठ्या सभागृहात असे दोन-चार जण बसलेले असतात.

या व्याधीवरील जुने आणि आजही भरवशाचे औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याचा गुण प्रथम प्रसिद्ध केला. लिथियम हा एक क्षार आहे आणि शरीरात तो मिठाच्या, म्हणजे सोडियमच्या, सोबतीने वावरतो. येथेच आहाराचा खरा प्रश्न उभा राहतो. शरीरात पाणी आणि मीठ कमी पडले की मूत्रपिंडे सोडियम धरून ठेवू लागतात, आणि सोडियम समजून लिथियमही धरून ठेवतात. गोळी तेवढीच, वेळही तीच. पण रक्तातील प्रमाण वाढत जाते. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. सामान्यतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल हे प्रमाण हितकर मानतात आणि १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका धरतात. योगायोग असा की १९४९ मध्येच अमेरिकेत हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड चाखण्यास देण्यात आले होते. त्या बिनमिठाच्या पथ्यात काही रुग्ण दगावले आणि तो पदार्थ बाजारातून काढून घ्यावा लागला.

आता एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. तीस वर्षांची सून लिथियमवर उत्तम सावरलेली आहे. पर्युषणात ती अठ्ठाई धरते, घरात आनंदीआनंद होतो. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात. लोक म्हणतात, अशक्तपणा असेल. चौथ्या दिवशी उलटी होते. लोक म्हणतात, पित्त असेल. पाचव्या दिवशी चाल अडखळते, जीभ जड होते. आणि साता विचारायला आलेल्या बायका तिच्या तपाचे कौतुक करून जातात. आजार ठाऊक असलेली सासू तेथेच बसलेली असते, पण चारचौघींत बोलत नाही. वास्तविक ही लक्षणे अशक्तपणाची किंवा पित्ताची नसून लिथियमच्या विषबाधेची असू शकतात, आणि अशा वेळी तास मोलाचे असतात.

आयंबिलाचीही गोष्ट वेगळी नाही. चैत्र आणि आश्विनातील ओळीत नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर वर्ज्य असते, आणि मीठही सोडणारे पुष्कळ असतात. निरोगी माणसाला जो रसत्याग झेपतो, तोच लिथियम घेणाऱ्याला ऐन चैत्राच्या उन्हात घातक ठरू शकतो. उलट ओळ संपल्यावर पापड, लोणचे, फरसाण यांवर ताव मारला तर मीठ अचानक वाढून लिथियम शरीराबाहेर जाते, आणि आजार डोके वर काढतो. म्हणून या रुग्णाने मीठ कमी नव्हे, जास्त नव्हे, रोज सारखे ठेवावे. चहाचेही तसेच. रोज चार कप पिणाऱ्याने एकदम चहा सोडला तरी लिथियमचे प्रमाण वाढू शकते.

चौविहाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तो वर्षभराचा आहे. लिथियमची मात्रा बहुधा रात्री दिली जाते. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणारा श्रावक काय करतो? मुकाट्याने गोळी टाळतो. डॉक्टरांना हे माहीत नसते, ते रक्ताचा अहवाल पाहून मात्रा वाढवतात, आणि पुढे सारेच गणित चुकते. डॉक्टरांना आपला नियम स्पष्ट सांगितला तर वेळ पुष्कळदा बदलून मिळते. न मिळाल्यास तिविहारात पाण्याची आणि दुविहारात पाण्यासह औषधाची मोकळीक परंपरेनेच ठेवलेली आहे. ल्युरासिडोन नावाचे औषध तर किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घेतले नाही तर अंगी पुरेसे लागतच नाही. उपवासात ते घेणे जवळजवळ व्यर्थ.

हे धर्माला सोडून आहे असे कोणी समजू नये. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर नामकर्माची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत तप हे शक्तीनुसार करावयाचे आहे. पच्चक्खाणातही आगार आहेत, आणि सर्वसमाधीचा आगार तर व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषधाची मुभा देणारा आहे. बारा प्रकारच्या तपांत अनशन हे एक. स्वाध्याय, ध्यान, वैयावृत्त्य ही आभ्यंतर तपे या रुग्णाला मोकळी आहेत. लोकांना मात्र अठ्ठाईच्या वरघोड्यात जे दिसते तेवढेच तप वाटते, याला काय म्हणावे!

रोजच्या ताटाविषयी थोडे. ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट यांसारख्या औषधांनी भूक आणि वजन वाढते, गोडाची ओढ लागते. रुग्णाला खादाड म्हणून हिणवणे हा अन्याय आहे. ज्वारीची भाकरी, मूग-तूर-चवळीचे वरण, दुधी, दोडका, पडवळ, ऋतूतील फळ एवढ्यावर ताट भरते. मैद्याच्या पुऱ्या आणि मिठाईचे डबे रुग्णाच्या हाताशी नसावेत. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व कमी पडण्याचा संभव असतो, म्हणून ताजे दही, ताक, दूध असावे आणि त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. जवसाची चटणी, चार अक्रोड चांगले. यांनी आजार बरा होतो असे मात्र नव्हे. औषधाला पर्याय नाही. सूर्यास्तापूर्वीच्या ठरलेल्या वेळेच्या जेवणाचा या रुग्णाला मोठाच आधार आहे, कारण या मनाला नियमितपणा मानवतो. त्याच कारणाने रात्रभराच्या भक्तिजागरणापासून त्याला दूर ठेवावे. एका रात्रीच्या जागरणानेही उन्माद उसळू शकतो.

वर्षानुवर्षे आयंबिल शाळा चालविणाऱ्या संस्थेला दोन गोष्टी सहज करता येतील. दीर्घ तपाचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी प्रत्येकाला, कोणाचाही आजार न विचारता, एक छापील चिठ्ठी द्यावी. "रोजचे औषध चालू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा, औषध स्वतःहून बंद करू नका," एवढेच तीवर असावे. दुसरे, पर्युषणाच्या आठ दिवसांत तपस्व्यांना भेटून जाण्यासाठी एका डॉक्टरांची व्यवस्था असावी. लिथियम घेणाऱ्याच्या घरी हात थरथरणे, उलटी-जुलाब, अडखळती चाल, जड जीभ यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, घरातील अंगदुखीची गोळी देऊ नये, कारण तशा काही गोळ्यांनी लिथियम आणखी वाढते. पच्चक्खाण तेथेच पारावे आणि औषधाचे पाकीट हाती घेऊन रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे. पाकीट दाखवल्यावर तेथे रक्तातील लिथियमची तपासणी आधी होते.