कालवा, धरण आणि लोहमार्ग : बारामती-इंदापूर परिसरातील जुन्या रेल्वेवाटा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत शहरी ट्राम कधीही धावली नाही. मुंबईत 1874 मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 मध्ये ती विजेवर आली आणि 1964 मध्ये बंद पडली. त्या वाहनाशी नाते सांगणारी जी वस्तू या मुलखाच्या वाट्याला आली, ती म्हणजे अरुंदमापी हलकी रेल्वे. अरुंदमापी म्हणजे इथे दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, 762 मिलिमीटर. मुख्य मार्गाच्या रुंदमापात हेच अंतर 1676 मिलिमीटर असते. रूळ जवळजवळ असले की भराव अरुंद लागतो, पूल लहान चालतात, वळणे जवळची घेता येतात, आणि म्हणून जिथे मालाची आशा आहे पण मोठ्या खर्चाची हिंमत नाही, तिथे असा मार्ग टाकणे परवडते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने 1897 मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर हे तत्त्व सिद्ध केले होते. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीही आपल्या उमेदीच्या काळात, लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत, याच बार्शीच्या मार्गाचे ठेके घेतले होते, ही गोष्ट या परिसराच्या इतिहासात आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

दौंड-बारामती हा अरुंदमापी फाटा 1914 मध्ये सुरू झाला. सुमारे त्रेचाळीस किलोमीटरचा हा मार्ग बारामतीलाच का थांबला, याचे उत्तर नकाशावरील रुळांत सापडत नाही, ते कालव्यात सापडते. 1876-77 च्या दुष्काळानंतर उभा राहिलेला नीरा डावा कालवा बारामतीच्या दक्षिण भागातून इंदापूरकडे जातो. त्याच्या पाण्यावर ऊस आला, उसापाठोपाठ गुऱ्हाळे आली, आणि गुळाच्या ढेपा बाजारपेठेपर्यंत नेण्यासाठी बैलगाडीपेक्षा स्वस्त व वेगवान साधन हवे झाले. फाटा अरुंद आणि मुख्य मार्ग रुंद असल्यामुळे एकाचे डबे दुसऱ्यावर जात नसत, म्हणून दौंडला प्रत्येक पोते व प्रत्येक ढेप हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाई. ही दुहेरी चढउतार हलक्या रेल्वेच्या हिशेबात सहसा ठळकपणे मांडली जात नाही, परंतु तिचा भार अखेर शेतकऱ्याच्या दरावरच पडत असे, हे विसरता कामा नये.

पुढे हा फाटा रुंदमापी झाला, तरी त्याची दिशा आणि त्याचे कारण आजही खिडकीतून वाचता येते, आणि त्यासाठी शरद ऋतूइतका योग्य काळ दुसरा नाही. आश्विनात दौंड सोडले की मळदगाव, शिरसाई, काटफळ अशी मोजकीच स्थानके लागतात. यांतले शिरसाई हे नाव शिर्सुफळच्या देवीचे असून नवरात्रात तिच्या दर्शनासाठी परिसरातील गावे लोटतात. बाजरी निघालेली असते, हस्ताच्या पावसाच्या ओलीवर शाळूची पेरणी चाललेली असते, कुठे पाभरीच्या मागे काळ्या मातीत सरळ रेघा उमटलेल्या दिसतात. हा सारा जिरायत पट्टा आहे, म्हणजे केवळ पावसावर अवलंबून असलेली जमीन. मार्ग या पट्ट्यासाठी टाकला गेला नव्हता, तो याला ओलांडून बागायतीपर्यंत पोहोचण्यासाठी टाकला गेला. ज्यांच्या शिवारातून गाडी गेली त्यांच्यापेक्षा ज्यांच्या शिवारापाशी ती थांबली त्यांना तिचा लाभ अधिक झाला, आणि हा भेद उसाच्या पहिल्या हिरव्या फडापाशी डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

इंदापूरची कथा याहून जुनी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. पावसाची कायम ओढ असलेल्या या तालुक्यात 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जमीन मोजणी व प्रतवारीची जी पद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाख्याच्या महसुलाचा पाया ठरली. याच तालुक्याच्या उत्तर कडेला, भीमेच्या काठी, डिकसळ येथे 15 डिसेंबर 1858 रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पुण्याहून आलेला मार्ग येऊन थांबला. पुढचा बार्शी रोडपर्यंतचा, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंतचा टप्पा ऑक्टोबर 1859 मध्ये खुला झाला. मधले दहा महिने पुण्याच्या पूर्वेकडील लोहमार्गाचे शेवटचे टोक म्हणजे हे लहानसे गाव होते. इंदापूर शहराला मात्र रेल्वे मिळाली नाही.

भीमेवर उजनी धरण झाले, ते 1980 मध्ये पूर्ण झाले, आणि जलाशय पसरणार म्हणून मुख्य मार्ग त्याआधीच नव्या आखणीवर सरकवावा लागला. मागे राहिलेला ब्रिटिशकालीन रेल्वेपूल इंदापूर आणि करमाळा तालुक्यांना जोडणारा रस्ता बनला. जो पूल आगगाडीच्या रुळांच्या एकाच जोडीसाठी बांधला गेला, त्यावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांना जागा पुरत नाही, आणि त्याचे घडीव दगडांचे खांब पाहताना तो रस्त्यासाठी घडलेला नाही हे तत्काळ उमगते. जुना मार्ग शोधणाऱ्याने भरावाकडे पाहावे : रस्ता चढउतारासह जातो, परंतु आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे सखल जागी उंच बांध आणि उंचवट्यात कापलेली खोल खाच, अशी तिची खूण शिवारात वर्षानुवर्षे टिकते, त्यावर बाभळी वाढल्या तरी ती मोडत नाही.

शरद ऋतूत मात्र या शोधाला एक मर्यादा येते, कारण परतीच्या पावसानंतर जलाशय तुडुंब भरलेला असतो आणि बुडालेल्या आखणीचा मागमूस लागत नाही. चैत्र-वैशाखात पाणी उतरले की पळसदेवचे जुने मंदिर जसे उघडे पडते, तसाच जुन्या गावांचा आणि वाटांचा तळ दिसू लागतो. म्हणून बारामतीचा फाटा आश्विनात पाहावा आणि डिकसळचा परिसर उन्हाळ्यात पुन्हा पाहावा, हेच अधिक श्रेयस्कर. दरम्यान नीरेच्या पलीकडे लोणंद-फलटण मार्गावर 2019 पासून गाडी धावू लागली असून फलटण-बारामती जोडणीचे काम हाती घेतलेले आहे. ती पूर्ण झाली की 1914 पासून शेवटचे राहिलेले बारामती स्थानक वाटेवरचे स्थानक होईल आणि या फाट्यावरची गाडी प्रथमच नीरा ओलांडून पुढे जाईल.