गाडी खाली घेताना

कोल्हापुरात माझं गॅरेज आहे. गेली तीसेक वर्षं माझा बराचसा दिवस गाडीखाली आडवं पडूनच जातो. त्यामुळे आज बोलणार आहे तेही खालच्या बाजूबद्दलच.

विषय तसा तरुण पोरांचा. जुनी, स्वस्तातली गाडी घ्यायची आणि ती ‘लो’ करायची, म्हणजे जमिनीलगत बसवायची. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं जागा असते, ती दोन बोटांवर आणायची. असं केलं की साधी गाडीही एकदम रुबाबदार दिसते, हे मी नाकारत नाही. मलाही एके काळी ते वेड होतं.

२०११ सालची गोष्ट. माझा भाचा झेन घेऊन दारात आला. ही गाडी १९९३ साली बाजारात आली आणि २००६ साली बंद झाली. भाच्याची २००१ची, तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. खिशात पहिल्या बोनसचे दहा हजार रुपये. म्हणाला, “मामा, चारी स्प्रिंगा दीड-दीड वेढा कापून द्या. एक जण हजारात करून देतोय, पण म्हटलं घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं?”

मी विचारलं, “आक्काला मिरजेला कोण नेतं?”

“मीच की. याच गाडीतनं.”

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, त्याची आई. तिच्या मणक्याचं दुखणं तेव्हा जोरात होतं. महिन्यातून एकदा मिरजेच्या डॉक्टरांकडे जावं लागायचं आणि ती मागच्या सीटवर दोन उशा घेऊन बसायची. मी म्हटलं, “स्प्रिंगा कापायच्या नाहीत.”

“तुम्ही कापल्या होत्या की!”

तेही खरं होतं. १९९६ साली मी माझ्या मारुती ८००च्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा गॅस कटरनं कापल्या. अर्ध्या तासाचं काम. पंधरा दिवस गावभर मिरवलो. मग एकदा रत्नागिरीला निघालो. मागे बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. आंबा घाटात एका वळणावर मागचं चाक मोठ्या खड्ड्यावरून जाताना क्षणभर लोंबकळलं. चाक असं लोंबतं ते शॉकअप पूर्ण ताणला जाईपर्यंत. मूळ स्प्रिंग तेवढी लांब असते, म्हणून ती आपल्या बैठकीत दाबूनच राहते. माझी कापलेली स्प्रिंग तेवढी लांब उरलीच नव्हती. ती बैठकीतून सरकली, चाक पुन्हा टेकताना तिरकी अडकली आणि त्या बाजूला गाडी इतकी बसली की टायर मडगार्डला घासायला लागला. रबराचा धूर, जळका वास आणि दरीकडची बाजू. आम्ही वीसच्या वेगात होतो म्हणून गाडी थांबली. माझ्या हुशारीनं नव्हे. त्यानंतर घरी पोचेपर्यंत बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

स्प्रिंग कापली की ती नुसती आखूड होत नाही, कडकही होते. सहा चालते वेढे असले आणि एक कापला, तर स्प्रिंग वीस टक्के कडक झाली समजा. तो कडकपणा मागे बसणाऱ्याच्या पाठीला कळतो. शिवाय गॅसनं तापवली की पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, तेवढा भाग मऊ पडतो आणि हळूहळू बसत जातो. मूळ स्प्रिंगेचं टोक बैठकीत नीट बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं टोक तसं बसत नाही. हजार रुपयांत होणाऱ्या कामात एवढं सगळं आपोआप मिळतं.

पण सांगून पोरं ऐकत नाहीत. मीही ऐकलं नसतं. म्हणून मी पुढच्या शॉकअपचा रबरी बुरखा वर सरकवला आणि आतल्या चकचकीत दांड्याला एक प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधली. वायरी बांधायला वापरतात तीच, रुपयाची. चाक वर दाबलं जाईल तशी ही पट्टी दांड्यावर वर सरकते आणि तिथंच राहते. भाच्याला म्हटलं, मागे दोन मित्र बसव आणि रंकाळ्याला एक चक्कर मारून ये. तो आला. पट्टी आणि वरचं थांबवणारं रबर यांच्यात एक बोट जागा उरली होती. मोजली तर १८ मिलिमीटर. त्याला गाडी ४० मिलिमीटर खाली हवी होती.

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे ही जागा रिकामी नाहीच की.”

नाहीच. बाहेरून चाकावर दिसणारी पोकळी म्हणजे वाया गेलेली जागा असं वाटतं. पण रस्ता ती रोज वापरत असतो. त्यात त्याचे शॉकअप गळत होते, लोअर आर्मचे बुश फाटले होते. अशी गाडी खाली घेणं म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून घराला रंग देणं.

तेव्हा आधी पुढचे दोन शॉकअप, वरची माउंटिंग रबरं, बुश आणि अलाइनमेंट. मजुरी अर्थातच मामाची. साडेसहा हजार गेले. आणि गंमत अशी की जुनी माउंटिंग रबरं दबलेली होती, ती नवी बसताच गाडी पुढून सेंटीमीटरभर वर आली. भाच्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पैसे गेले आणि गाडी उंच! दुसऱ्या दिवशी तो पन्हाळ्याला जाऊन आला. आल्यावर एवढंच म्हणाला, “मामा, वळणावर आता स्टेअरिंगशी भांडावं लागत नाही.”

पण उरलेले साडेतीन हजार त्याला स्वस्थ बसू देईनात. पट्टीची चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा दोन बोटं जागा राहिली. मग मी नमलो. हा नाद सोडलेल्या एका मुलाकडून तयार आखूड स्प्रिंगांची पुढची जोडी बावीसशेला मिळाली. गाडी पंचवीस मिलिमीटर खाली घेणाऱ्या. मागच्या स्प्रिंगांना हात लावायचा नाही, ती आक्काची बाजू, असं आधीच ठरवून घेतलं.

पंचवीसच का, हेही त्यानं विचारलं. गाडी खाली आली की वळणावर कमी कलते, अशी समजूत आहे. थोडी खाली घेतली तर ती काही अंशी खरी असते. पण पुढच्या चाकाला धरणारा लोअर आर्म चाकाच्या बाजूनं वर उचलला गेला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू फार झपाट्यानं खाली जातो, गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षाही जास्त. मग कलंडवणारा हात लांबतो आणि खाली बसलेली गाडी उलट जास्त झुकते. म्हणजे दिसायला शर्यतीची आणि चालायला ऊस भरलेली बैलगाडी.

बसवल्यावर गाडी घोड्यांवर चढवली, चाकं लोंबू दिली आणि स्प्रिंग हातानं फिरवून पाहिली. फिरली नाही. आंबा घाटानं मला शिकवलेली ही चाचणी मी तेव्हापासून कधी चुकवलेली नाही. अलाइनमेंट परत केलं, कारण उंची बदलली की चाकांचा कोन बदलतो आणि टायर आतून खाल्ला जातो. पुढून गाडी खाली आल्यानं दिव्यांचा झोत जवळच पडायला लागला होता, तोही वर घेतला.

राहिले आपले स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या जुन्या नियमातला गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद. झेनच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सुमारे २.३ मीटर, म्हणजे अख्खी गाडी त्याच्या पाठीवर मावते आणि पोटाखालची जागा जेमतेम ४ सेंटीमीटरनं कमी होते. पण गल्लीतले लोक रातोरात घालतात तो हातभर रुंदीचा आणि टाचेएवढा उंच. तो दोन चाकांच्या मध्ये आला की त्याची सगळी उंची पोटातून वजा होते. झेनची मूळची जागाच १६५ मिलिमीटर. चेंबर फुटून तेल सांडलेल्या अशा कितीतरी गाड्या माझ्याकडे ओढून आणलेल्या आहेत.

कायद्याचा विचार तेव्हा आम्ही दोघांनीही केला नाही, हे कबूल करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर १९८८ पासूनचं आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच केलं, की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेला सोडून गाडीत फेरफार करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. त्यामुळे आता कुणी आलं तर मी पट्टीची चाचणी दाखवतो, मूळ मापाचे शॉकअप आणि बुश बसवून देतो आणि पुढच्या मागणीला हात जोडतो. काही जण रागावून जातात. त्यातले दोघे-तिघे बुश बदलायला परतही आले आहेत.

भाच्याच्या झेनमधून आक्का त्या महिन्यात मिरजेला जाऊन आली. संध्याकाळी मी विचारलं, “गाडी कशी वाटली?”

“खडखड गेली बघ. काय केलंत?”

भाचा बाजूलाच उभा होता. म्हणाला, “आई, खाली घेतलीय. दिसत नाही व्हय?”

आक्कानं गाडीकडे मागून-पुढून पाहिलं. “कुठं? तशीच तर हाय.”

त्यानं चाकावर बोटं ठेवून दाखवली तरी तिला काही फरक दिसला नाही.

मूळ स्प्रिंगा मी तेल लावून, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवल्या होत्या. २०१७ साली त्यानं गाडी विकायला काढली, तेव्हा स्वतःच येऊन त्या उतरवल्या आणि दिवसभर खपून बसवल्या. मी फक्त घोड्या लावून दिल्या.