वाळक्या फांदीवरचा उन्हाळा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय त्यांनी ठरवलेलाच होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सहापासून व्याख्यानं चालूच असतात, मला दुसरं काही बोलू द्या. तर गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझ्या दोन मुलांनी आमच्या सोसायटीच्या आवारात काय पाहिलं, ते सांगणार आहे. विषय हलका वाटेल, पण त्यात शेवटी मॅनेजिंग कमिटीची बैठकसुद्धा आहे, त्यामुळे जपून ऐका.

आमची सोसायटी पुण्यात, कर्वेनगरच्या बाजूला. चार इमारती, मध्ये पार्किंग, पार्किंगच्या कडेला एक म्हातारा गुलमोहर, कुंपणापलीकडे एक उंबर, दोन शेवगे, आणि प्रत्येकाच्या बाल्कनीत तुळस नाहीतर कढीपत्ता. म्हणजे तुमच्या सगळ्यांकडे असतं तेवढंच. मी निम्मे दिवस घरून काम करते. थोरली सहावी संपवून सातवीत जाणारी, धाकटा चौथीत. उन्हाळी शिबिरं त्यांना नको होती, आणि खरं सांगायचं तर त्यांची फी बघून मलाही नको होती.

मग एक वही घेतली. शंभर पानी, साधी. नियम दोनच. रोज सकाळी साडेसहा ते सात खाली जायचं, त्याच जागी बसायचं. आणि वहीत दोन रकाने करायचे : 'पाहिलं' आणि 'वाटलं'. हा दुसरा नियम माझ्या नोकरीतून आला. प्रोग्रॅम बंद पडला की प्रत्येक जण आधी आपला अंदाज सांगतो, आणि लॉगमध्ये प्रत्यक्ष काय नोंदलंय ते कुणी वाचत नाही. पण नियमाचं मूळ याच इमारतीत आहे. सातवीत बाईंनी आपल्याला मटकी भिजवून आठ दिवस रोज मोड पट्टीने मोजायला लावले होते. आपल्यापैकी काहींनी शेवटच्या दिवशी आठही आकडे एकदम लिहिले होते. मी नावं घेत नाही, ते पुढच्या रांगेत बसले आहेत.

सुरुवात आवाजापासून झाली. 'टुक, टुक, टुक' असा आवाज, भर उन्हातसुद्धा. धाकटा म्हणाला, पाण्याचा पंप बिघडलाय. वॉचमनकाका म्हणाले, कुणाचं तरी फर्निचरचं काम चाललंय. तो तांबट होता. पुण्यातल्या कसब्यातली तांबट आळी तुम्हाला माहीत असेल. तिथे तांब्याच्या भांड्यांवर जसे हातोडीचे ठोके पडतात, तसाच याचा आवाज, म्हणून हे नाव. मुलांनी घड्याळ लावून ठोके मोजले. एका मिनिटात ११२. दुसऱ्या दिवशी १०९. दोघांची भांडणं झाली, कुणाचं मोजणं चुकलं म्हणून. मग दोघांनी एकाच वेळी मोजलं आणि १११ वर तडजोड झाली.

पक्षी मात्र चार दिवस दिसेना. आवाज कधी डावीकडून येतोय असं वाटायचं, कधी उजवीकडून. दिसला तेव्हा कळलं की तो ओरडताना मान या बाजूला, त्या बाजूला वळवतो, त्यामुळे फसगत होते. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल, गळा पिवळा. धाकट्याने लिहिलं, 'तो चोच फांदीवर आपटून आवाज काढतो.' थोरलीने दुर्बिणीतून बघितलं आणि ते वाक्य 'वाटलं'च्या रकान्यात ढकललं. चोच बंद असते आणि गळ्याची पिशवी फुगते. हे शोधायला त्यांना दोन सकाळी लागल्या. मी एका मिनिटात इंटरनेटवरून सांगू शकले असते. पण मग त्या दोन सकाळी मिळाल्या नसत्या.

इथे अ‍ॅपबद्दल एक. मर्लिन नावाचं कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं अ‍ॅप आहे. फोन समोर धरला की कुठला पक्षी ओरडतोय ते सांगतं. उत्तम आहे, मी त्याच्या विरोधात नाही, असल्याच गोष्टींवर माझं पोट चालतं. पण आमच्या घरी नियम होता की आधी चित्र काढायचं, रंग लिहायचे, चार ओळी वर्णन करायचं, आणि मगच फोन मागायचा. नाव आधी कळलं की मुलं बघणं थांबवतात. मोठी माणसंही थांबवतात.

नावाचं म्हणाल तर आमच्या सासूबाईंना अ‍ॅपपेक्षा जास्त नावं येतात. भारद्वाजाला त्या कुंभारकावळा म्हणतात. 'कुहू' करणारी कोकिळा नसून नर कोकीळ असतो, मादी ठिपक्याठिपक्यांची असते, हे मात्र नातवाने त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं कौतुक चुकीच्या माणसाचं झालं."

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर कढीपत्त्याचं सांगायला हवं. बाल्कनीतल्या कुंडीत पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी ती विष्ठा सरकली. ते कॉमन मॉर्मन या फुलपाखराचे सुरवंट होते. लहान असताना ते मुद्दाम तसे दिसतात, म्हणजे कुणी खायला येत नाही. मोठे झाले की पानासारखे हिरवे होतात. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून लाल दुबेळक्यासारखं शिंग बाहेर येतं आणि घाण वास सुटतो. मुलांना यापेक्षा काय हवं? सात सुरवंट, आणि कुंडीतला कढीपत्ता झपाट्याने संपत चाललेला. सासूबाईंनी चार दिवस फोडणीला बाजारातून जुडी आणली आणि रोज सुरवंटांना ऐकू जाईल अशा आवाजात हिशेब सांगितला.

सातांपैकी तीन बुलबुलाने नेले. धाकट्याला जाळी लावायची होती. थोरली म्हणाली, मग बुलबुलाची पिल्लं काय खातील? या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळही नव्हतं, त्यामुळे जाळी लागली नाही. चार कोश झाले. तिघांतून काळी फुलपाखरं निघाली. त्यातली एक मादी मागच्या पंखांवर लाल ठिपके घेऊन आली. दुसऱ्याच एका, पक्षी ज्याला तोंड लावत नाहीत अशा फुलपाखराचं सोंग तिने घेतलेलं असतं. चौथ्या कोशाला बारीक भोक पडलं आणि त्यातून फुलपाखराऐवजी इवल्याशा गांधीलमाश्या निघाल्या, पुष्कळ. त्यांच्या आईने कोशात अंडी घातली होती आणि पिल्लांनी आतलं फुलपाखरू खाल्लं होतं. धाकटा त्या दिवशी जेवला नाही. थोरलीने त्या माश्यांचं चित्र काढलं, पायाच्या सांध्यांसकट. एकाच घरात एकाच गोष्टीची ही दोन टोकं. मी दोघांनाही काही बोलले नाही.

आता तांबटाकडे परत येते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

२२ एप्रिलला मुलांना घर सापडलं. गुलमोहराची एक आडवी फांदी पूर्ण वाळलेली, पार्किंगच्या डोक्यावर आलेली. तिच्या खालच्या अंगाला एक गोल भोक. तांबट वाळकं, मऊ झालेलं लाकूड चोचीने कोरून घर करतो. हिरव्यागार, धडधाकट फांदीचा त्याला काही उपयोग नाही. २६ तारखेपासून दोघं चोचीत उंबराची फळं आणि किडे घेऊन आत जाताना दिसायला लागले. धाकटा लिहायचा, 'आई आली.' थोरली खोडायची, कारण नर आणि मादी सारखेच दिसतात. शेवटी वहीत 'एक आला' असं ठरलं. अर्ध्या तासात चार खेपा, सहा खेपा, एकदा नऊ.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लिफ्टजवळ सूचना लागली. पावसाळ्यापूर्वीची छाटणी, अमुक तारखेला, वाहने हलवावीत. महानगरपालिकेची परवानगी रीतसर काढलेली. आणि ठेकेदाराच्या यादीत पहिली फांदी अर्थातच ती वाळलेली.

मला इथे सेक्रेटरींची बाजू नीट सांगितली पाहिजे, कारण असल्या गोष्टींत झाडाच्या बाजूचे सगळे शहाणे आणि कमिटीवाले सगळे दुष्ट असतात, आणि ते खरं नसतं. आदल्या वर्षी वळवाच्या पावसात त्याच झाडाची एक फांदी एका गाडीच्या काचेवर पडली होती. गाडीत कुणी नव्हतं, पण असू शकलं असतं. त्याच पार्किंगमध्ये संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात. माझीसुद्धा.

पक्ष्याचं घरटं मोडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हे मला माहीत होतं. बैठकीत मी तो कायदा काढला नाही. शेजाऱ्याशी कायदा बोललं की पुढची दहा वर्षं लिफ्टमध्ये आकडे बघत उभं राहावं लागतं. त्याऐवजी थोरलीने वही वाचली. तारीख, वेळ, किती खेपा. भाषण नाही, 'कृपया वाचवा' नाही, नुसते आकडे. सुरुवातीला लोक हसत होते. अठरा दिवसांच्या नोंदी वाचून होईपर्यंत हसणं थांबलं होतं. एक आजोबा म्हणाले, "हा रोज कुणी ठोकतंय म्हणून मी दोनदा तक्रार दिली होती." मग सेक्रेटरींनी विचारलं, आणि तो एकमेव योग्य प्रश्न होता : "पिल्लं किती दिवसांत उडतील?" थोरली म्हणाली, "नक्की माहीत नाही. पण खेपा बंद झाल्या की सांगू."

ठरलं असं : हिरव्या, जड फांद्या लगेच हलक्या करायच्या. वाळकीला ३१ मेपर्यंत हात लावायचा नाही. तोवर तिच्याखालच्या दोन गाड्या बाहेर रस्त्यावर, आणि खाली दोरी बांधून जागा बंद. त्यातली एक गाडी सेक्रेटरींचीच होती.

नंतरच्या एका संध्याकाळी वळीव आला. वीज गेली, धुळीचा लोट, आणि गुलमोहर पिसाटासारखा हलत होता. आम्ही चौघं आणि सासूबाई बाल्कनीत उभे. ती फांदी मोडली असती तर पिल्लं गेली असतीच, शिवाय पुढच्या प्रत्येक बैठकीत आमचं ऐकलं जाणंही गेलं असतं. पाऊस उघडल्यावर अंधारात बॅटरी घेऊन खाली गेलो. फांदी जागेवर. दोरी मात्र उडून कुंपणावर.

२८ आणि २९ मेला आम्ही सांगलीला लग्नाला होतो. ३०ला परत येऊन बसलो तर खेपा शून्य. ३१लाही शून्य. पिल्लं उडताना कुणीच पाहिली नाहीत. धाकट्याने 'वाटलं'मध्ये 'उडाली' लिहिलं, आणि 'पाहिलं'मध्ये दोन दिवसांच्या रिकाम्या ओळी सोडल्या. ठेकेदार जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. थोरलीचं म्हणणं होतं की तांबट असल्या भोकात एरवी रात्री झोपतातही, तेव्हा फांदी ठेवाच. ते मान्य झालं नाही. ती आठवडाभर सेक्रेटरींशी बोलली नाही. मला विचाराल तर त्या वेळी माझं मत सेक्रेटरींकडे झुकलं होतं, आणि हे मी तिला सांगितलं तेव्हा ती माझ्याशीही बोलेना. आता दोघी-तिघी मिळून उंबराच्या बाजूला, जिथे खाली कुणी जात नाही तिथे, शेवग्याची एक वाळलेली फांदी तशीच ठेवायची परवानगी मागताहेत. अर्ज लिहून झाला आहे, कमिटीची बैठक पुढच्या महिन्यात.

बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या एका मैत्रिणीने मघाशी विचारलं, आमच्याकडे झाडच नाही, तर काय करायचं? बाल्कनीत लिंबू नाहीतर कढीपत्ता लावून बघ. नाहीच काही आलं तर ट्यूबलाइटजवळची पाल घे. रात्री आठ ते साडेआठ, किती किडे धरले, किती निसटले. आम्ही पावसाळ्यात तेच केलं. आमची पाल दहांत चार धरते.

कापलेल्या फांदीचा भोकाचा तुकडा मुलांनी कामगारांकडून मागून घेतला. भोक जेमतेम चार सेंटिमीटर. आत गवत नाही, पिसं नाहीत, काही अंथरलेलं नाही, नुसता लाकडाचा भुसा आणि उंबराच्या बिया. तो तुकडा आज इथे आणला आहे. चहाच्या टेबलाशेजारी ठेवलाय, वहीसुद्धा आहे. बघा, पण आत बोट घालू नका, गेल्या महिन्यापासून त्यात मुंग्या राहतात.