नाव ही ठेव आहे

(जव्हार व मोखाडा तालुक्यांतील स्काऊट-गाईड शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



जव्हार-मोखाड्यात बोलायला उभे राहिले की बोहाड्याची आठवण होतेच. संबळाच्या तालावर, मशालींच्या उजेडात देवदेवतांची सोंगे निघतात. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे केवळ रंगीत मुखवटे दिसतात. पण गाव मात्र ते सोंग कोणाचे आणि ते नाचवण्याचा मान कोणाचा, हे पाहत असते. मुखवटा बाजारातून कोणीही विकत आणील आणि चेहऱ्यावर बांधील. तेवढ्याने त्याच्या अंगी देव येत नाही. मुखवट्याला अर्थ येतो तो त्यामागच्या परंपरेने आणि जबाबदारीने. आज आपल्यासमोरचा विषय, म्हणजे युवक संघटनेचे नाव आणि बोधचिन्ह यांचा योग्य वापर, मला याच दृष्टीने मांडायचा आहे.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी वार्तांकनासाठी मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर गेलो होतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे आणि पावसाच्या तोंडावर परतणारे ते कुटुंब. बापाने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद माझ्यापुढे धरला. त्यावर मुलाचे नाव होते, ‘राष्ट्रीय’ असा ठळक शब्द होता, स्काऊटच्या चिन्हाशी मिळतीजुळती आकृती होती आणि मधोमध चक्र होते. हा दाखला असला की मुलाला रेल्वेत नोकरी लागते, असे कोणीतरी सांगितले होते. भट्टीच्या उचलीतले पैसे त्यात गेले होते. त्या मुलाने आयुष्यात एकही शिबिर केले नव्हते, की एक गाठ बांधली नव्हती. तो कागद निरुपयोगी आहे हे सांगताना माझी जीभ जड झाली. त्यावर बाप एवढेच म्हणाला, “पण साहेब, चक्र आहे ना त्यावर?”

बंधूंनो, या प्रश्नात सारा विषय सामावला आहे. ज्याला अक्षरे वाचता येत नाहीत, तो चिन्ह वाचतो. म्हणून चिन्हाची फसवणूक ही सर्वांत दुबळ्या माणसाची फसवणूक असते.

नाव कसे मिळाले?

हे नाव आपल्याला सहज मिळालेले नाही. इंग्लंडमध्ये १९०७ साली ब्राऊन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले शिबिर घेतले. दोनच वर्षांत, १९०९ मध्ये, ही चळवळ भारतात आली. पण ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना तिची दारे बंद होती. ती उघडण्यासाठी आपल्या माणसांना स्वतःच्या संघटना उभाराव्या लागल्या. १९१६ मध्ये मद्रासला डॉ. ॲनी बेझंट यांनी भारतीय मुलांसाठी संघटना काढली. उत्तरेत पं. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीच्या नावाने पथके उभी केली. आपल्या नागपूरकडे हे काम वाढवणारे विव्हियन बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

स्वातंत्र्यानंतर वेगवेगळे प्रवाह एकत्र आले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संघटना अस्तित्वात आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सही तिच्यात सामील झाल्या. बोधचिन्ह नीट पाहा. लिलीच्या फुलाची आकृती स्काऊटची, त्रिदल गाईडचे आणि मध्ये चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र. जगाशी नाते सांगणाऱ्या दोन आकृत्या आणि त्यांच्या मध्यभागी भारत. ज्या दारातून आपल्याला आत येऊ दिले जात नव्हते, त्या घराचे आपण मालक झालो, ही कथा त्या चिन्हात आहे.

कायदा काय करतो?

१९५० साली संसदेने चिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत राष्ट्रध्वज आहे, अशोकचक्र आहे, महात्मा गांधी आहेत आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे नावही आहे. सुरतेच्या स्वारीवर जाताना महाराज ज्या शिरपामाळावर थांबले, तो माळ जव्हारजवळच आहे. तुम्हाला ते वेगळे सांगायला नको. त्याच अनुसूचीत भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे नाव व बोधचिन्हही आहे. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून धंद्यासाठी, व्यवसायासाठी किंवा व्यापारचिन्हात त्यांचा वापर करता येत नाही.

मात्र या कायद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. मूळ कायद्यात शिक्षा ठेवली ती पाचशे रुपयांपर्यंतच्या दंडाची. शिवाय केंद्राच्या पूर्वमंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. पाड्यावरचा बाप दिल्लीची मंजुरी आणायला कुठे जाणार? फसवणुकीचा गुन्हा पोलिसांत नोंदवता येतो, हे खरे. पण तोवर उचलीचे पैसे गेलेले असतात.

अमेरिकेतील उदाहरण बोलके आहे. तिथे एकाच सुमारास दोन संघटना स्काऊटचे नाव लावत होत्या. त्यांपैकी एक मुलांच्या हाती बंदुका देई. १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिच्या एका मुलाच्या गोळीने दुसऱ्या लहान मुलाचा जीव गेला. लोकांना दोन संघटनांतला फरक काय ठाऊक! बोल दोघींनाही लागला. पुढे दुसऱ्या संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि पहिलीला ते नाव सोडावे लागले. नावाचा आग्रह हा अहंकार नसतो. आपले मूल कोणाच्या हाती देतो आहोत हे आईबापांना कळावे, यासाठी तो असतो.

आपल्याच भागात नावाचे मोल तरुणांनी ओळखले आहे. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून. आपली कला आपल्या नावाने ओळखली जावी, हे त्या तरुणांनी कायद्याच्या भाषेत नोंदवून घेतले.

दोष आपल्याकडेही आहे

आता थोडे कटू बोलतो. बोधचिन्हाचा गैरवापर बाहेरचेच करतात असे नाही. ज्या शाळेत पथक केवळ नोंदवहीत आहे, वर्षभरात एकही शिबिर झालेले नाही आणि तपासणीच्या दिवशी मुलांच्या गळ्यात स्कार्फ घातले जातात, तिथे नाव कोण विटाळतो? पुढाऱ्याच्या स्वागताला गणवेशातली मुले तासन्‌तास उन्हात उभी करतो, तेव्हा त्या चिन्हाचा मान राहतो काय? स्काऊटच्या नियमांत पहिला नियम विश्वासार्हतेचा आहे. खोट्या नोंदीवर सही करणारा शिक्षक तो नियम मुलांना कोणत्या तोंडाने शिकवील?

स्काऊट या शब्दाखाली प्रामाणिकपणे काम करणाऱ्या इतरही संस्था देशात आहेत. त्यांच्याशी आपले भांडण नाही. भांडण आहे ते दुसऱ्याचे चिन्ह लावून भाबड्या माणसाला फसवणाऱ्याशी, आणि स्वतःचे चिन्ह लावून स्वतःलाच फसवणाऱ्याशी.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, प्रथम सोपानापासून राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतची पायरी-पायरी पालकसभेत समजावून सांगा. रेल्वेत स्काऊट-गाईडसाठी कोटा आहे हे खरे. पण त्यामागे वर्षानुवर्षांची साधना असते, एका रात्रीत मिळणारा कागद नव्हे, हे पाड्यापाड्यावर कळू द्या. दुसरी, कोणी दाखला घेऊन आला तर त्याला हसू नका. जिल्हा कार्यालयाकडे त्याची खातरजमा करून द्या. तिसरी, जे पथक कागदावर आहे ते मैदानावर आणा. ते जमत नसेल, तर कागदावरूनही खोडा.

बोहाड्याची रात्र संपली की मुखवटे उतरवून जपून ठेवले जातात, पुढच्या वर्षी पुढच्या पिढीच्या हाती देण्यासाठी. आपल्या गळ्यातला स्कार्फही तसाच आहे. तो आपल्या मालकीचा नाही. आपल्याकडे ठेव म्हणून आला आहे. त्या बापाच्या प्रश्नाला “होय, चक्र आहे, म्हणजे ते खरे आहे” असे उत्तर छातीठोकपणे देता यावे, एवढे जरी आपण केले, तरी हा मेळावा सार्थकी लागला असे मी मानीन.